बाहुली निजवण्याची परीक्षा

त्या बाईंनी रबरी बाहुली माझ्या बहिणीच्या मांडीवर टाकली आणि म्हणाल्या, "हं, आता आई होऊन दाखव."

नव्वदनंतरची ती वर्षे. तुरुंगातील मातांसाठी एका महिला मंडळाने संगोपनाचे शिबिर भरवले होते; त्या बाई मंडळाच्याच. माझी धाकटी बहीण शेवंता ऊसतोडीच्या फडावरील मारामारीत आरोपी होऊन आत होती. तान्ही सोनी तिच्यासोबत. मी श्रीगोंद्याच्या कचेरीसमोरचा अर्जनवीस. शिक्षण सातवी, परंतु माझ्या अक्षराला साहेबलोकही मान देत. शिबिराचा वृत्तान्त लिहिण्यासाठी मला पाचारण झाले आहे, असा माझा समज होता.

शेवंता बाहुलीकडे पाहून हसली.

"बाई, हिला भूक न्हाई, ताप न्हाई. ही तर निजल्यालीच हाय की!"

साऱ्याजणी हसल्या. बाई हसल्या नाहीत.

इतक्यात सोनी रडू लागली. फडावर तिला साडीच्या झोळीची सवय. तुरुंगात झोळी बांधण्यास मनाई. शेवंताने पाय लांब केले, लेकीला नडग्यांवर घेतले आणि हलवू लागली.

"पाहिलंत?" बाई माझ्याकडे वळल्या. "तुमच्या लोकांत मुलं वाढवत नाहीत. ती आपोआप वाढतात."

मग कागद पुढे सरकवला.

"लिहा. मूल सांभाळण्यास मी असमर्थ असून ते स्वखुशीने मंडळाच्या बालगृहात देत आहे. तुम्ही भाऊ. तुम्ही सांगितलंत की ती अंगठा देईल."

म्हणजे मला अक्षरासाठी बोलावले नव्हते.

स्वखुशीने. हा शब्द ज्या कागदावर असतो, त्यावर अंगठा देणाऱ्याची खुशी मी कधी पाहिलेली नाही. मूल नेल्याचा फोटो छापून येतो. मूल पुढे कोठे जाते, ते छापून येत नाही.

"दादा, काय लिवतोस?" शेवंताने विचारले. सोनी पायांवर निजली होती.

मी त्याच कागदावर तुरुंगाच्या साहेबांच्या नावे अर्ज लिहिला. झोळीपुरते कापड व ती बांधण्याची मुभा द्यावी. मायलेकींची ताटातूट करू नये. शेवटी 'मेहेरबानी व्हावी' असे लिहिण्याचा रिवाज आहे. ते लिहिले नाही.

बाईंनी वाचले. "उपकार कळत नाहीत तुम्हाला."

"कळतात," मी म्हणालो. "म्हणूनच नको."

निघताना शेवंताला बजावले, "कुनाच्याबी कागदावर अंगठा द्यायचा न्हाई."

"आन् तू आनलास तर?"

"मी आनला तरी न्हाई."

त्या पुन्हा येतील. खाऊ घेऊन, गोड बोलत येतील. तुरुंगाच्या फाटकाशी त्यांना आधी मी दिसेन.