लतिकाच्या गाडीचा सांधा

श्रीपादला घाई म्हणून माहीत नाही. जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनच्या सॉफ्टवेअर कंपनीत हा गुण म्हणून खपून जातो. घरी मात्र त्याच्या ‘बघू या’पुढे त्याच्या बायकोने, लतिकाने, केव्हाच हात टेकले होते. पन्नाशी आली तेव्हा कुणाला न विचारता तिने एक जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतली, दोन सीटची, छप्पर उघडणारी. आल्प्सच्या घाटातून इटलीत उतरायचं, एवढंच तिला हवं होतं.

ते राहून गेलं. जर्मनीत सुट्टी भरपूर मिळते, पण आपल्या माणसांचा सगळा उर्लाउब, म्हणजे ही वर्षाची रजा, विमानात बसून पुण्याला जातो. एका वर्षी पुतण्याची मुंज, पुढच्या वर्षी भाचीचं लग्न, मग सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन. नाही गेलं तर ‘परदेशात राहून शिंगं फुटली’ हे ऐकून घ्यायचं. लतिका सगळ्यांचा मानपान सांभाळून परत यायची, गाडीवरचं कव्हर झटकायची आणि पुन्हा घालायची. इटली काय पळून चाललीय का, असं श्रीपाद म्हणायचा. इटली जागेवरच राहिली. लतिकाच्या मणक्यात कॅन्सर उतरला, आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं की आता उपचार पुरेत, त्यांना जे आवडेल ते करू द्या.

“अहो, इटली राहू दे,” लतिका म्हणाली. “श्वार्त्सवाल्डच्या जंगलातल्या वळणांवरून मला एकदा फिरवून आणा. छप्पर उघडं टाकून. बस्स.”

उभी राहून राहून गाडीचे हाल झाले होते. ट्युफच्या, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का ते पाहणाऱ्या सक्तीच्या, तपासणीत पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट, म्हणजे ज्यांच्यावर चाक वळतं ते खालचे सांधे, खिळखिळे निघाले. ते बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही. गॅरेजवाल्याने खाली वाकून पाहिलं आणि गंजून घट्ट बसलेत, आता उन्हाळ्यानंतरच आणा, असं सांगून मोकळा झाला. लतिकाकडे उन्हाळ्यानंतरचं काही नव्हतं.

गावाबाहेर गाडी उचलायची लिफ्ट तासाच्या भाड्याने देणारं एक वर्कशॉप आहे. शनिवारी श्रीपाद आणि त्याचा मित्र मयुरेश ट्रेलरवर गाडी घालून तिथे गेले. मयुरेश मोटारींच्या कंपनीत असला तरी कामाला स्क्रीनसमोर. हाताला ग्रीस कधी लागलेलं नाही. दोघांनी व्हिडिओ पाहून पाहून तयारी केली होती.

उजवा सांधा थोडा कुरकुरला आणि सुटला. डावा काही केल्या हलेना. सांध्याचा दांडा भोकातून रेटून काढायचं हत्यार लावलं, ते आवळून आवळून दंड भरून आले. गंज सोडवणारं तेल फवारलं, वाट पाहिली, परत आवळलं. शेवटी श्रीपादने वैतागून दांड्याच्या टोकावरच हातोडा घातला. टोक चेचलं, नट तिथेच अडकला, आणि ते कानशीने घासून सरळ करण्यात दुपार गेली.

“आल्झो, चल, आज राहू दे रे,” मयुरेश घाम पुसत म्हणाला. “सोमवारी कुणाला तरी विचारू. बघू या.”

“बघू या म्हणू नकोस!”

श्रीपाद एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या लिफ्टखालची माणसं वळून पाहायला लागली. आयुष्यभर त्याने जो शब्द बायकोला ऐकवला, तो आज त्याच्या जिव्हारी लागला. हत्यार तसंच ताणून ठेवून श्रीपादने दांड्याचा नाद सोडला आणि भोवतीच्या लोखंडावर बाजूने घाव घालायला सुरुवात केली. प्रत्येक घाव तो स्वतःवरच्या रागाने घालत होता. एकदम फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि सांधा सुटला. श्रीपाद तिथेच फरशीवर बसून रडला.

नवे सांधे बसले, पुढच्या आठवड्यात गाडी तपासणीत पास झाली. रविवारी लख्ख ऊन पडलं. लतिकाने ठेवणीतला रेशमी स्कार्फ डोक्याला बांधला, इमारतीच्या लिफ्टने खाली आली आणि गाडीचं दार उघडं पाहून कितीतरी दिवसांनी हसली. एक पाय आत टाकला आणि थांबली. सीट तिच्या गुडघ्याच्याही खाली होती. श्रीपादने नट न नट तपासला होता. एवढं खाली तिचा मणका वाकेल का, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याने तिला काखेत धरून अलगद उतरवायचा प्रयत्न केला. ती कळवळली. पुन्हा एकदा केला, तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“पुरे, अहो.”

“उशी ठेवून बघू या...” बोलता बोलता त्याची जीभ अडखळली.

“नको. तुम्हीच मारून या चक्कर. मी बसते इथे बाकावर. आवाज तर येईल ना.”

तो एकटा निघाला. वसाहतीला वळसा घालून परतला, तेव्हा लतिका डोळे मिटून बसली होती, चेहरा रस्त्याकडे. गाडी थांबल्याचं कळताच तिने डोळे न उघडताच एक बोट वर केलं. अजून एक चक्कर.

श्रीपादने गिअर टाकला. चौकात श्वार्त्सवाल्डकडे जाणारा रस्ता उजवीकडे होता, रिकामा आणि उन्हाने भरलेला. तो डावीकडे वळला, कारण त्या बाकापर्यंत आवाज पोचायला हवा होता.