यंत्रापुढची बाई

"उद्या लुगडं नेसून ये," सर म्हणाले. "टोपलीत मोहफुलं आण. यंत्र वापरणारी बाई दिसली पाहिजे ना पाहुण्यांना. तुझ्याएवढी कोण शोभणार?"

चंद्रपूरचं इंजिनीअरिंग कॉलेज, शेवटचं वर्ष. मोहफुलं वाळवायचं यंत्र हा आम्हा चौघांचा प्रकल्प. विषय माझा. एटापल्लीकडच्या आमच्या गावात आई दर उन्हाळ्यात मोह वेचते. ड्रॉइंगही माझंच. पण कॉलेजच्या प्रदर्शनात पाहुण्यांशी बोलणार बाकीची तीन मुलं. मी नुसतं उभं राहायचं.

गेले. आईचंच लुगडं नेसून गेले. राग आला नाही, रडू आलं नाही. काहीच आलं नाही. त्याचीच आज जास्त लाज वाटते.

इंजिनीअरिंगसोबत मी बाहेरून बीए करत होते. समाजशास्त्र. सर वर्गात म्हणायचे, "एक डिग्री झेपत नाई, अन् हे चालली दुसरी करायले." वर्ग हसायचा. माझा एकही विषय कधी राहिला नव्हता.

बीएच्या अभ्यासासाठी मी गावातल्या बायकांना त्यांचं काम विचारत फिरले. आईलाही विचारलं, जन्मात पहिल्यांदा. ती म्हणाली, "आमी बसून निवडतो वो माय. दिवसभर उभी कोन राहीन?"

माझ्या ड्रॉइंगमधले ट्रे छातीच्या उंचीवर होते. मोहाच्या ढिगापाशी बसलेल्या आईच्या मांडीवर मी वाढले, आणि माप घेतलं पुस्तकातल्या उभ्या माणसाचं. तोवर यंत्र तयार झालं होतं. मग ही चूक आणि बायकांचं बोलणं मी अहवालात तिसरं प्रकरण म्हणून लिहिलं. सरांनी त्यावर लाल रेघ मारली. "या बीएवाल्यांच्या गोष्टी आहेत. काढ."

प्रदर्शनाच्या दिवशी पाहुणे माझ्यापाशी थांबले. फोटो निघाला. त्यांनी हसून विचारलं, "काय बाई, आवडलं का यंत्र?"

सर बाजूने हळूच म्हणाले, "हो म्हण."

"नाई," मी म्हटलं. "ट्रे उंच आहेत. बाया बसून काम करतात. चूक माझी आहे. हे ड्रॉइंग मी काढलं."

पाहुण्यांनी माझ्या लुगड्याकडे पाहिलं, मग सरांकडे. सर हसले आणि त्यांना पुढच्या टेबलाकडे घेऊन गेले.

संध्याकाळी केबिनमध्ये एवढंच बोलले, "तिसरं प्रकरण काढ. नाहीतर सही नाई." सही नाही म्हणजे डिग्री नाही. आमच्या घरातली ती पहिली डिग्री होती. मी टोपली उचलून बाहेर आले.

त्या तिघांनी आपापल्या प्रतीतून ते प्रकरण काढून अहवाल दिला. ते पास झाले. मी राहिले.

कॉलेजच्या फलकावर तो फोटो अजून आहे. खाली लिहिलंय, 'लाभार्थी महिला'. मी त्याची प्रत काढली. तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर चिकटवली. खाली माझं नाव, रोल नंबर आणि 'यंत्राचं ड्रॉइंग हिने काढलं' असं लिहिलं. पुढच्या पानावर नवं ड्रॉइंग जोडलं. ट्रे जमिनीपासून एक हात.

या परीक्षेला हाच अहवाल देणार. सही झाली नाही तर पुढच्या परीक्षेलाही हाच. एक ओळ कापणार नाही.