कार्ड लिहून राहिलंय

एका दुकानात रोज तीच तीन माणसं बसली की किस्से जमवावे लागत नाहीत. अधूनमधून पुसावे लागतात, नाहीतर जागा उरत नाही. आमचं दुकान म्हणजे नांदेडमधला सलीमभाईंचा फोटो स्टुडिओ. सलीमभाई लग्नाचे व्हिडिओ काढतात, चाकूरचा गोविंद त्यांचा जोडीदार, आणि मी भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डांचा वेग मोजणं हे माझं काम. ते मला कुणी दिलं, आठवत नाही. बहुधा मीच घेतलं असावं.

*

सुरुवात कंधारच्या एका लग्नात झाली. सलीमभाईंचा नवा कॅमेरा इतकं बारीक चित्र टिपतो, की साध्या कार्डाला तितक्या वेगाने लिहिणं झेपत नाही. मग शूटिंग बंद पडतं आणि उरलेलं लिहून होईपर्यंत लाल दिवा लुकलुकत राहतो. हे नेमकं मंगलाष्टकांत झालं.

सलीमभाईंनी हात वर केला. "गुरुजी, जरा थांबा. कार्ड लिहून राहिलंय."

गुरुजी थांबलेही! मुलीचे मामा मात्र भडकले. "मुहूर्त टळून राहिला, अन् तुमचं कार्ड काय लिहून राहिलं? पत्रिका?"

*

सलीमभाईंनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, नाझनीनचं लग्न लातूरला ठरलं होतं.

"सर, तिची विदाई मीच शूट करणार. तिथं कॅमेरा बंद पडला तर पोरीला परत थोडीच पाठवता येते? एक पक्कं कार्ड काढून द्या."

मी मिळतील तितकी कार्डं आणून लॅपटॉपवर मोजली. सगळ्यांचा वेग अगदी सारखा! मी थरारून गेलो. निसर्गाचा एखादा नियमच हाती लागला, असं वाटलं. शोधनिबंधाचा मथळासुद्धा सुचला. मग शंका आली, म्हणून कार्ड खोचायचं रीडर बदललं. ते जुनं रीडरच इतकं संथ होतं, की त्यातून कुठलंच कार्ड पुढे जाऊ शकत नव्हतं.

"म्हणजे नियम रीडरचा सापडला," सलीमभाई म्हणाले.

*

गोविंदाचा स्वतःचा सिद्धांत होता. "उन्हाळ्यात कार्ड तापतंय सर, म्हणून दमतंय. थंड केलं की पळतंय." खोटं म्हणावं, तर मी तापमान मोजलं नव्हतं.

चाकूरच्या लग्नात त्याने कार्डांचा डबा केटररच्या बर्फात, कुल्फीशेजारी ठेवला. वाढप्याने तो उचलून थेट नवरदेवाच्या वडिलांपुढे मांडला. त्यांनी झाकण काढलं, एक कार्ड उलटंसुलटं केलं आणि शांतपणे विचारलं, "हे चावून खायचं का चघळून?"

*

शेवटी एक कार्ड सापडलं. रिकामं असताना मोजलं, अर्धं भरून मोजलं, काठोकाठ भरून मोजलं. मग वाटलं, मोजताना पंखा चालू होता. म्हणून बंद करून मोजलं. कुठेच अडेना. तरी मी म्हणालो, "परत एकदा तपासू."

"सर," सलीमभाई म्हणाले, "नाझनीनला बघायला आले त्यांनी बी इतके सवाल न्हाई केले."

*

लातूरला हॉलच्या दारात सासरची गाडी फुलं लावून उभी होती. सलीमभाई कॅमेरा धरून उलट्या पावलांनी लेकीसमोर चालत होते. मी त्यांच्या खांद्याशी, नजर लाल दिव्यावर; माझ्या शेजारी गोविंद, गर्दी बाजूला सारत. कार्ड एकदाही अडलं नाही. नाझनीन आईच्या गळ्यात पडली, तेही आलं. ती गाडीत बसली, तेही आलं. सलीमभाईंनी बटण दाबून शूटिंग थांबवलं. दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला. माझं गणित बरोबर आलं होतं!

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. काचेतून नाझनीन म्हणाली, "अब्बा, ठेवा ना आता तो कॅमेरा."

सलीमभाईंनी डोळ्यावरचा कॅमेरा काढला नाही. नुसता हात वर केला.

"थांब बेटा. कार्ड लिहून राहिलंय."

गाडी थांबली. वऱ्हाड थांबलं. मी वाकून पुन्हा पाहिलं. दिवा विझलेलाच होता. आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या गोष्टीची पक्की खात्री होती. "सलीमभाई, अहो, लिहून केव्हाच..."

गोविंदाने माझं मनगट घट्ट धरलं.

"सर," तो हळूच म्हणाला, "परत एकदा तपासा."