हिरवं म्हणजे होकार

माझ्या पुतणीचं जमत आलेलं लग्न मी एका सूत्राने मोडलं.

मयूरीला स्थळं बरीच येत होती आणि कोणाला काय कळवलं, याचा घरात पत्ता नव्हता. दादा (माझा थोरला भाऊ, मयूरीचा बाप) चिखलीच्या बाजारात भेटेल त्याला "कळवतो" म्हणायचा आणि विसरायचा. शेवटी वैतागून मी कम्प्युटरवर शीट केली. एका ओळीत एक स्थळ. शेवटच्या रकान्यात 'होकार' लिहिलं की अख्खी ओळ आपोआप हिरवी, 'नकार' लिहिलं की लाल. सर्वांत वरची शीर्षकाची ओळही लाल झाली. मला वाटलं, बरी उठून दिसते.

शीट दादाच्या मोबाइलवर पाठवून बजावलं, "अक्षरं वाचत बसू नको. नुसते रंग पाह्य. हिरव्याले बोलाव, लालवाल्याले हात जोड."

दादाने आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं.

रविवारी सकाळी दारात जीप थांबली. रोहिणखेडचे अकरा पाहुणे उतरले, साडी-नारळासकट. मयूरीने मला आत ओढलं.

"काका, याईले मी नाही म्हटलं होतं ना? काऊन बोलावलं?"

मी दादाला गाठलं. "अमडापूरवाले कुठी हायेत?"

"ते लाल होते. कालच नकार कळवला. लय वाईट वाटलं मले. पोरगं चांगलं होतं."

मयूरीला पसंत होता तो अमडापूरचाच मुलगा. ती स्वयंपाकघरात जाऊन रडायला लागली. वहिनींनी पोह्यांचा ट्रे माझ्या हातात दिला. "भाऊजी, आता बाहेर जाऊन खरं काय ते तुमीच सांगा."

सांगितलं. अकरा जणांनी पोहे तसेच ठेवले, नारळ उचलला आणि जीपमध्ये जाऊन बसले. दादाने मला एकही शिवी दिली नाही. (तो शिव्या देतो तेव्हा बरा असतो.)

दुपारी दादाला मोटारसायकलवर मागे बसवून अमडापूर गाठलं. "हा माहा भाऊ, शाळेत मास्तर हाय," एवढीच ओळख दादाने करून दिली. मी मुलाच्या वडिलांपुढे सगळं कबूल केलं. मुलाने माझा मोबाइल मागितला, अर्धं मिनिट पाहिला आणि शांतपणे म्हणाला, "नियम दुसऱ्या ओळीपासून लिहिला तुमी, अन् रंग पहिलीपासून लावले. म्हणून हरेक ओळीले तिच्या खालचीचा रंग आला."

रोहिणखेड अमडापूरच्या बरोबर वरच्या ओळीत होतं.

"म्हंजे तो नकार आमचा नव्हताच?" वडिलांना हसू आवरेना. "मंग जमलं म्हना." त्यांनी आत चहा सांगितला. दादाने मला सकाळपासूनची पहिली शिवी हासडली.

मग ते माझ्याकडे वळून मोठ्या आदराने म्हणाले, "गुरुजी, शाळेत तुमी कोनता विषय शिकवता?"

एकोणीस वर्षं मी पोरांना कम्प्युटर शिकवतोय.

"चित्रकला," मी म्हणालो.