दोन्ही दंड साडेसत्तावीस

कारखान्यात त्याला सगळे गुण्या म्हणत. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार, आणि हा गृहस्थ ते हत्यार डोळ्यांत घेऊनच जन्माला आला असावा. कुणाकडे गेला, तर समोर आलेलं पाणी पिण्याआधी भिंतीवरचा तिरका फोटो सरळ करायचा. बायको म्हणायची, "यांना स्वर्गात घेतलं तरी आधी दाराची चौकट तपासतील, मग आत जातील." तीस वर्षांत त्याने बसवलेलं एक दार कधी घासलं नाही की त्याच्या हातचं एक टेबल कधी डुगडुगलं नाही. गर्व म्हणाल तर होता, आणि का नसावा?

तो एका गिऱ्हाइकाच्या घरी माळ्याची फळी बसवताना शिडीवरून पडला आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं. दोन महिन्यांनी प्लास्टर कापून काढलं, तेव्हा आतून निघालेला हात त्याने दोनदा उलटासुलटा करून पाहिला. रंधा मारून मारून गरगरीत झालेला त्याचा दंड कुठे गेला? हा तर कुणा आजारी म्हाताऱ्याचा हात होता.

"असं होतंच, काका," व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. त्या वयाने त्याच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी टेप काढली आणि दोन्ही दंड मोजले. उजवा सव्वीस, डावा तीस.

चार सेंटिमीटर! अर्ध्या मिलिमीटरसाठी अख्खं दार उतरवणाऱ्या माणसाला हे खरंच वाटेना. त्याने बाईंच्या हातातली टेप घेऊन स्वतः परत मोजलं. चारच.

"नीट ऐका," बाई म्हणाल्या. "प्रत्येक व्यायाम आधी उजव्या हाताने करायचा. त्याला जितक्या वेळा जमेल, तितक्याच वेळा डाव्याने. डाव्याने एकदाही जास्त नाही. दोन्ही हात बरोबरीला यायला हवेत. चार महिने तरी धरा."

चार महिने कुणाकडे होते? मालकांनी नव्या शाळेच्या चाळीस दारांचं काम घेतलं होतं आणि गुण्याच्या जागेवर बदली सुतार उभा केला होता. मालक तोंडावर म्हणाले होते, "गुण्या, दीड महिना थांबतो. तेवढ्यात आलास तर जागा तुझी. नाही आलास तर हाच माणूस कायम. माझाही इलाज नाही रे." पन्नाशीच्या सुताराला दुसरीकडे कोण उभं करतं, हे गुण्याला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. सकाळ-संध्याकाळ वाळूची पिशवी घेऊन उजव्या हाताचा व्यायाम, अगदी घड्याळ लावून. तो संपला की प्लास्टरच्या वेळची गळ्यातली झोळी काढायचा आणि तिच्यात डावा हात घट्ट बांधून टाकायचा. तो धडधाकट डावा हात जेवायलाही सुटायचा नाही.

"अहो, हा कशाला बांधलाय? हा तर चांगला आहे ना?" बायकोने विचारलं.

"बाईंनी सांगितलंय," तो म्हणाला. थापच होती ती, पण त्याला स्वतःला तसं वाटत नव्हतं. आपण फक्त एक पाऊल पुढचा विचार केला, एवढंच त्याचं म्हणणं.

मग काय, उजव्यात अजून जोर नाही आणि डावा बांधलेला, म्हणजे बायकोचे हाल. शर्टाची बटणं तिने लावायची, घास तिने भरवायचे, बादली तिने उचलायची. ऑफिसला जाण्याआधी त्याची दाढीसुद्धा तीच करून द्यायची. बाईंनी सांगितलंय म्हटल्यावर बोलणार काय?

गुण्या मात्र रोज टेप लावून खूश होता. फरक तीनवर आला. मग दोनवर, मग एकवर. ज्या शुक्रवारी तो शून्यावर आला, त्या दिवशी त्याने मालकांना फोन करून सांगितलं, "सोमवारी येतो. हात एकदम बरोबर झालेत." मालक म्हणाले, "वा रे पठ्ठ्या!" आणि संध्याकाळीच बदली सुताराला निरोप दिला.

शनिवारी तो बायकोला घेऊन बाईंकडे गेला. झोळी त्याने जिन्यातच काढून खिशात कोंबली. बाईंनी उजवा दंड मोजला. साडेसत्तावीस. डावा मोजला. साडेसत्तावीस.

"बरोबरीत आणून दाखवले की नाही?" गुण्या म्हणाला.

बाई हसायला लागल्या होत्या, पण त्यांची नजर पहिल्या दिवशीच्या मापांच्या कागदावर गेली आणि चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी डावा दंड पुन्हा मोजला. मग त्याची मान वळवून पाहिली, बोटं दाबून पाहिली.

"काका, या हाताला मुंग्या येतात? वस्तू हातातून सुटतात? डावा दंड अडीच सेंटिमीटर झिजलाय. एवढ्या दिवसांत असं व्हायला नको. नसांची तपासणी करावी लागेल. आजच."

बायको खुर्चीतच पुढे सरकली. "अहो बाई, पण तुम्हीच तर तो बांधून ठेवायला सांगितला होता ना?"

"मी?"

दोघी गुण्याकडे बघत राहिल्या.

"अहो, सोपं आहे," तो म्हणाला, पण त्याचा आवाज खाली आला होता. "टेबलाचा एक पाय आखूड असला तर तो काही लांब करता येत नाही. मग लांब पाय थोडा कापायचा. टेबल बरोबर बसतं."

बाईंनी आ वासला तो वासलेलाच. बायको खुर्चीवरून उठली. "लोक पायावर धोंडा पाडून घेतात, यांनी हातावर पाडून घेतला! दीड महिना मी यांना घास भरवते आहे, बाई! दीड महिना!" तिला रडू आवरेना.

बाईंनी कोपऱ्यातलं पाच किलोचं वजन आणून त्याच्यापुढे ठेवलं. "डाव्याने उचला."

ज्या हाताने तो एकट्याने दार पेलायचा, त्या हातात वजन गुडघ्यापर्यंत आलं, थरथरलं आणि खाली आपटलं. गुण्या त्या वजनाकडे बघतच राहिला. कापलेली फळी पुन्हा लांब झालेली त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. आता हा हात गेला, कायमचा गेला, आणि तो आपण स्वतः मोजून मापून घालवला, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"हे असंच राहणार?" त्याने विचारलं.

"नाही हो, काका. तुम्ही लाकडाचे आहात का? वाढेल हा. दोन्ही वाढतील."

"कापलेलं वाढतं?"

"वाढतं. पण सोमवारपर्यंत नाही."

बाहेर जिन्याशी थांबून त्याने मालकांना फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. मग मालक म्हणाले, "काल मी ज्याला हाकललं, त्याचे आता पाय धरायचे मी? गुण्या, तुझी जागा आता मी ठेवू शकत नाही."

फोन बंद झाला. तीस वर्षांची जागा गेली होती. त्याने कठड्याला टेकून डोळे मिटले, तशी बायको राग विसरून त्याला धरायला पुढे झाली. हात पुढे केला आणि थांबली. कोणत्या हाताला धरावं, तेच तिला कळेना. शेवटी तिने त्याच्या कमरेला विळखा घातला आणि एकेक पायरी करत त्याला खाली नेलं.