बंद माइकवरची फुंकर

भूतखेत, आत्मे, चकवा... यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. सत्कार-समारंभांवरही नाही. तरी पुढचं घडलं ते एका समारंभातच. शिरूरला, मार्केट यार्डामागच्या छोट्या हॉलमध्ये, भर दुपारी. साल २००३ असावं.

आमच्या शेजारी इक्बालभाई राहायचे. लग्न, सभा, उरूस – लाउडस्पीकर त्यांचाच. त्यांना आणि दौंडच्या तीन मित्रांना एक विचित्र नाद होता. घरी जोडलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रं, बँडमधला जुना कीबोर्ड आणि इक्बालभाईंचा अॅम्प्लिफायर घेऊन बसायचं आणि काहीही न ठरवता वाजवायचं. ना चाल, ना ताल. पिठाच्या गिरणीला ताप भरलाय असं मला वाटे. तसं बोललोही होतो. इक्बालभाई हसले. "तुमचं पुस्तकवाल्यांचं अवघड हाय. तुम्हाला आधी अनुक्रमणिका लागती!"

ते हार्ट अटॅकने गेले. वर्षभराने त्या तिघांनी त्यांच्या आठवणीत कार्यक्रम ठेवला. त्यांची बायको, शमीमभाभी, शिरूरचं घर सोडून दौंडला भावाकडे कायमची निघाली होती. अॅम्प्लिफायर या तिघांनाच द्यायचा असं तिने ठरवलं होतं. "मला बघवत न्हाई भाऊजी तो," म्हणाली. इक्बालभाईंचा माइक मात्र वायरीसकट पिशवीत घालून मांडीवर धरला होता.

तिघांपैकी सुधाकर सर नादब्रह्मावर बोलायला उभे राहिले ते बसेचनात. शेवटी कीबोर्डवाला नंदू म्हणाला, "सर, वाजवू का आता? लाइट जायची."

मग सुरू झालं. घूं... खरखर... लांब कुठेतरी मोटर चालावी तसं काहीतरी. मी डुलकीच्या बेतात होतो.

इक्बालभाई माइक तपासताना कधी 'हॅलो हॅलो' म्हणत नसत. नखाने टक् टक्... जरा थांबून टक्... मग हलकी फुंकर. आमच्याकडची कितीतरी लग्नं त्या फुंकरीने सुरू झाली.

तेच आलं. स्पीकरमधून, अगदी स्पष्ट.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि यंत्रांवरून हात उचलले. नुसती घूं उरली. तिच्यात पुन्हा – टक् टक्... टक्. फुंकर.

"कोण करतंय?" सर.

"आईशप्पथ, मी न्हाई!" नंदू.

भाभीच्या पिशवीतला सोडला तर हॉलमध्ये दुसरा माइक नव्हता. सरांनी भाषणही तसंच, घसा ताणून केलं होतं.

सर घाईने अॅम्प्लिफायरच्या स्विचकडे गेले. भाभी उठली. "असा बंद करू नका. दणका बसतो म्हणायचे ते." तिने आवाजाचं बटण सावकाश फिरवत शून्यावर आणलं, मग स्विच बंद केला. हात तसाच ठेवून म्हणाली, "ह्यो मी नेते."

सरांच्या मते लूज कॉन्टॅक्ट. असेलही. फक्त लूज कॉन्टॅक्ट फुंकर कशी मारतो, हे मला अजून कळलेलं नाही... आणि जाणून घ्यावंसंही वाटत नाही.

पुढे एकदा दौंडला गेलो. अॅम्प्लिफायर कपाटावर, धुतलेल्या कापडाखाली. विचारलं, "भाभी, परत लावला का कधी?"

ती चहा ओतत होती. मान वर न करता म्हणाली, "न्हाई. लावला आन् ते न्हाई आले, तर?"