नाईक जाधवचा डावा बूट

छावणीतल्या लष्करी रुग्णालयात माझं पोस्टिंग झालं तेव्हा मी लेफ्टनंट होते, वय पंचवीस. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. माझं घर फुलंब्रीला, एसटीनं तासाभरावर. लष्करी नर्सिंग सेवेत घराजवळचं पोस्टिंग क्वचित मिळतं.

माझ्याकडं सर्जिकल वॉर्ड होता. सोळा खाटा. साडेपाचला ताप-नाडी, सहाला चहा, आठला ड्रेसिंग, दहाला डॉक्टरांचा राउंड. दर शुक्रवारी साडेदहाला कमांडिंग ऑफिसरची तपासणी. दाखल होताना पेशंटनं वर्दी, पट्टा, बूट पॅक स्टोअरमध्ये जमा करायचे आणि रुग्णालयाचे निळे कपडे घालायचे, असा नियम होता.

खाट नंबर नऊ, नाईक भगवान जाधव, हा नियम मोडत होता. जाधव पिशोरचा. सीमेवर गस्त घालताना सुरुंगावर पाय पडला. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ऑपरेशन दुसरीकडं झालं होतं. नोकरीत ठेवायचं की नाही हे ठरवणारा मेडिकल बोर्ड होईपर्यंत, घराजवळ म्हणून, त्याला आमच्याकडं पाठवलं होतं. त्याच्या खाटेखाली परेडच्या बुटांची जोडी असायची. रोज सकाळी सहा ते साडेसहा तो दोन्ही बुटांना पॉलिश करायचा. डाव्याला जरा जास्त वेळ. युनिटमध्ये परत गेल्यावर परेडला लागतील, म्हणायचा.

माझ्या आधीच्या सिस्टरनं तिकडं काणाडोळा केला होता. शेजारच्या खाटेवर हवालदार पठाण, शहागंजचा, उजवा हात प्लास्टरमध्ये.

"क्या जाधव, दो-दो चमकारा? एक मेरेकू दे, हात में पेनतूं."

"तुझा पंजा नाय मावायचा त्यात. बूट जवानाचा हाय, हवालदाराचा नाय."

वॉर्ड हसायचा. जाधव सगळ्यांत मोठ्यानं.

पोस्टिंगच्या आधी मी मानसिक शुश्रूषेचा तीन आठवड्यांचा कोर्स केला होता. चिंता सोसेनाशी झाली की माणूस मनाला कसा वाचवतो, त्याची यादी मला पाठ होती. डिनायल, म्हणजे घडलेलं घडलंच नाही असं वागणं. डिस्प्लेसमेंट, म्हणजे एकीकडची भीती दुसरीकडं काढणं. रॅशनलायझेशन, म्हणजे केलेल्या गोष्टीला पटेल असं कारण शोधणं. वॉर्डातल्या प्रत्येकाला मी एकेक शब्द चिकटवला होता. जाधवला डिनायल.

रविवारी त्याची बायको सुमन यायची. येताना धुतलेले मोजे आणायची, दोन्ही. मी तिला व्हरांड्यात गाठलं.

"तुम्ही त्यांना खोट्यात ठेवताय."

"त्यांना म्हाईत हाय, मॅडम. सोताचा पाय गेलेला कळत नाय व्हय माणसाला? बोर्ड होईस्तवर आसंच राहू द्या. मग मी हाय ना."

मी केसपेपरवर लिहिलं की कुटुंबाची डिनायलला साथ आहे.

बोर्डाच्या आधीच्या गुरुवारी सकाळी नऊ चाळीसला घरून फोन आला. माझा धाकटा भाऊ विलास शिपाई होता आणि जाधव जखमी झाला त्याच भागात होता. तीन आठवडे त्याचं पत्र नव्हतं. आईनं विचारलं, "तुला तिकडचं काही कळतं का गं?"

"मला राउंड आहे," म्हणून मी फोन ठेवला.

वॉर्डात शिरताच पहिली नजर त्या बुटावर गेली.

"जाधव, उद्या तपासणी आहे. हा बूट इथं कशाला?"

"जोडी हाय, मॅडम."

"कसली जोडी? पाय एक आहे."

पठाण हळू म्हणाला, "रहने देव, मॅडम."

"तुम्ही गप्प बसा." मी जाधवच्या पायावरची चादर ओढून काढली. "बघा. सोमवारी बोर्ड हेच बघणार आहे. तुम्ही युनिटमध्ये जाणार नाही. कुणीतरी सांगायला हवं होतं."

जाधवनं बघितलं. "व्हय, मॅडम."

उजवा बूट कुबड्यांच्या सरावासाठी राहू दिला. डावा मी स्वतः पॅक स्टोअरमध्ये जमा केला. मला हलकं वाटलं होतं, हेही सांगते.

दुपारी दोन ते चार विश्रांतीची वेळ. दोन वीसला जाधव उठला. उजवा बूट घातला. एकच कुबडी घेतली.

"दूसरी?" पठाणनं विचारलं.

"एक हात मोकळा पायजे. बूट आणायचाय."

पॅक स्टोअर अंगणापलीकडं होतं, वॉर्डासमोर चार दगडी पायऱ्या. स्टोअरकीपरनं सही घेऊन बूट दिला. परत चढताना वरच्या पायरीवर तोल गेला. धरायला हात मोकळा नव्हता. डोकं मागून आपटलं.

आवाज ऐकून मी धावले. "स्ट्रेचर! हेड इंज्युरी. डॉक्टरांना बोलवा."

बूट त्याच्या मुठीतून सोडवावा लागला. पाच पन्नासला तो गेला.

साडेसहाला मी रिपोर्ट लिहिला. पेशंट विनापरवानगी उठला, पायरी ओली होती, पाय घसरला. जाधव बूट आणायला उठला होता, हे पठाणनं मला सांगितलं होतं; ते मी लिहिलं नाही. चौकशीत मात्र तो म्हणाला, "मैं सोया था, साब." त्यानंतर त्या वॉर्डात तो कधी हसला नाही.

शुक्रवारी साडेदहाला तपासणी झाली. वॉर्ड नियमानुसार असल्याचा शेरा मिळाला.

शनिवारी आईनं फोनवर विलासचं पत्र वाचून दाखवलं. तो मजेत होता. नवे बूट चावतात, एवढीच तक्रार.

पुढच्या आठवड्यात सुमन सामान न्यायला आली. डावा बूट पायरीवर खरवडला होता, म्हणून मी त्याला पॉलिश केलं होतं. तिनं तो उजेडाकडं धरला.

"हा त्यांचा हात नाय. कुणी केलं?"

"मी."

तिनं पदरानं पॉलिश पुसलं. घासून घासून पुसलं, खरवडलेलं दिसेपर्यंत. मग दोन्ही बूट पिशवीत घालून गेली.

मी मेजर होऊन निवृत्त झाले. आता चिकलठाण्याकडं राहते. शहिदांच्या कार्यक्रमाला बोलावतात, नावं वाचली जातात, मी उभी राहते. जाधवचं नाव त्या यादीत नसतं. तो लढाईत गेला नाही, पायरीवरून पडून गेला. म्हणून इथं लिहिते. नाईक भगवान जाधव, पिशोर, वय एकतीस.

पायरी कोरडी होती.